मागच्या फळीवरचं पाकीट: ब्रँड ॲम्बॅसिडरकडे स्पर्धकाचा माल दिसला तर काय करायचं?

दोन दिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या छोट्या एजन्सीकडे तेव्हा एका मसाल्याच्या ब्रँडचं काम होतं. पश्चिम महाराष्ट्रातला, कांडपाच्या डंकावर सुरू झालेला, आता तिसऱ्या पिढीच्या हातात असलेला धंदा. ॲम्बॅसिडर म्हणून मालिकेतली एक ओळखीची अभिनेत्री. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी तिनं चकलीची रील टाकली. उजेड छान, आवाज छान, चकल्याही न मोडता तेलात उतरल्या. दहाव्या मिनिटाला कॉमेंट आली: "ताई, जरा मागे बघा."

मागच्या फळीवर, हिंगाच्या डबीशेजारी, स्पर्धकाचं पाकीट उभं होतं. कोपरा कात्रीनं कापलेला आणि वर कपडे वाळत घालायचा निळा चिमटा. तो चिमटाच नडला. बंद पाकीट असतं तर कुणीतरी आणून दिलं म्हणता आलं असतं. चिमटा लावलेलं पाकीट रोजच्या वापरातलं असतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

रात्री साडेनऊला मालकांचा फोन. "करार रद्द करा, पैसे परत मागा आणि फेसबुकवर टाका की तिनं आम्हाला फसवलं." यातलं आम्ही त्या रात्री काहीच केलं नाही. मग काय केलं ते पुढे येईलच. मात्र तेव्हापासून असे प्रसंग टाळायचे कसे आणि टळले नाहीत तर निस्तरायचे कसे, याची एक पद्धत आम्ही बसवली आहे. मसाला, लोणचं, दूध, चपला, साड्या, शेतीची अवजारं असलं काही विकणाऱ्या आणि एखादा मराठी चेहरा घेऊन जाहिरात करणाऱ्या मंडळींसाठी ती इथे मांडतो.

पायरी १: हे सापडतं कसं, ते आधी समजून घ्या

पूर्वी चोरी पकडायला डोकंही लागायचं नाही. ट्विटर प्रत्येक ट्विटखाली ते कुठून टाकलं हे छापायचं. नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकी टीव्ही निवेदिका ओप्रा विन्फ्रीनं मायक्रोसॉफ्टच्या सरफेस टॅबचं तोंडभरून कौतुक केलं, ख्रिसमसच्या भेटींसाठी बारा घेतले म्हणून सांगितलं, आणि खाली छापून आलं की हे ट्विट आयपॅडवरून केलेलं आहे. २०१३ च्या जानेवारीत ब्लॅकबेरीनं गायिका अलिशिया कीजला 'ग्लोबल क्रिएटिव्ह डायरेक्टर' नेमलं. काही दिवसांतच तिच्या खात्यावरून आयफोनवरचं ट्विट गेलं. तिनं खातं हॅक झाल्याचं सांगितलं. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही, आणि वर्षभरात ती नेमणूकही संपली. आपल्याकडे २०१७ मध्ये अनुष्का शर्मानं गूगल पिक्सेलची जाहिरात आयफोनवरून ट्विट केली. पुढच्या वर्षी हॉलिवूडची अभिनेत्री गॅल गॅडोटनं हुआवे या चिनी कंपनीच्या फोनचं तेच केलं.

यात मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती खुद्द हुआवेची फजिती. १ जानेवारी २०१९ ला कंपनीच्या अधिकृत खात्यावरून नववर्षाच्या शुभेच्छा गेल्या, त्या आयफोनवरून. चीनमध्ये ट्विटर बंद असल्यानं तिथून व्हीपीएन लागतं. कंपनीचं खातं सांभाळणाऱ्या बाहेरच्या एजन्सीचं व्हीपीएन ऐन वेळी अडलं. मध्यरात्रीचा मुहूर्त चुकू नये म्हणून कुणीतरी रोमिंग सिम घातलेला आयफोन काढला. शिक्षा म्हणून दोन कर्मचाऱ्यांना एक पायरी खाली उतरवलं आणि दोघांच्या महिन्याच्या पगारातून ५,००० युआन कापले. गद्दारी वगैरे काही नव्हती, घाई होती आणि हाताशी दुसरा फोन नव्हता. तुम्हाला भेटतील त्यातली बरीच प्रकरणं याच जातीची असतील.

ट्विट कुठून केलं ते सांगणारी ती ओळ डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरनं काढून टाकली. म्हणून आता धोका टळला असं समजू नका, तो फक्त ट्विटखालून फोटोच्या आत सरकला. आरशातल्या सेल्फीत फोनची पाठ दिसते. स्क्रीनशॉटवरची बॅटरीची खूण आणि वेळेचा आकडा यांवरून पोरं फोन ओळखतात. गॉगलच्या काचेत समोरचं टेबल दिसतं. ॲम्बॅसिडरनं स्वतः सगळं सांभाळलं, तरी भाचीच्या बारशाचा फोटो नणंद टाकते आणि त्यात ताईंच्या हातात दुसऱ्याच कंपनीचा ज्यूस असतो.

पायरी २: सहीच्या आधी घरात काय आहे ते विचारा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. बहुतेक ब्रँड इथे पाच मिनिटंही घालवत नाहीत. फॉलोअर किती, मानधन किती, शूट कधी, एवढं ठरलं की करार छापायला जातो. समोरच्या माणसाच्या घरात आत्ता काय वापरलं जातं, हा प्रश्न विचारायला लोकांना संकोच वाटतो. मुलगी बघायला गेल्यावर थेट पगार विचारल्यासारखं वाटतं म्हणे. वाटू दे.

आम्ही आता चहाच्या भेटीत सरळ विचारतो: तुमच्याकडे सध्या कोणता मसाला येतो? स्वयंपाक कोण करतं, आणि किराणा कोण भरतं? (ही दोन माणसं बरेचदा वेगळी असतात.) आमचा माल चाखून आवडला नाही तर स्पष्ट सांगाल का? फोन कोणता, आणि तुमचं खातं तुम्ही चालवता की कुणी मुलगा ठेवलाय? शेवटचा प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटतो, पण तो मुलगा कॉलेजातला असतो आणि एकाच वेळी चार कलाकारांची खाती बघत असतो.

मग त्यांच्या जुन्या पोस्ट खाली खाली जात बघायच्या. तीन वर्षं मागे जा. 'हा मसाला आमच्या आजीच्या काळापासून' असं त्यांनी स्पर्धकाबद्दल २०२१ मध्ये लिहिलेलं असेल, तर तुमची पहिली जाहिरात लागल्याच्या दिवशी कुणीतरी ते वर काढणार. सापडलं म्हणून लगेच माघार घ्यायला नको. 'आधी ते वापरायचे, आता हे वापरतो' ही गोष्टही चांगली विकली जाते, फक्त ती खरी हवी आणि आधी तुम्हाला ठाऊक हवी.

तिसरी चौकशी त्यांच्या इतर मालकांची. २०१२ मध्ये कोका-कोलानं ब्राझीलचा फुटबॉलपटू रोनाल्डिन्यो याच्याबरोबरचा करार मोडला, कारण पत्रकार परिषदेत त्याच्या पुढ्यात पेप्सीचे कॅन दिसले. ते कॅन त्यानं घरून आणले नव्हते. तो ज्या अ‍ॅटलेटिको मिनेरो क्लबकडून खेळत होता, त्या क्लबचा प्रायोजक पेप्सी होता. त्याच्या दहा वर्षं आधी आपल्या क्रिकेटपटूंची हीच कोंडी झाली होती. २००२ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या आधी आयसीसीच्या प्रायोजकांशी खेळाडूंचे स्वतःचे करार भिडले आणि संघ जातो की नाही इथपर्यंत प्रकरण ताणलं गेलं.

मालिकेतल्या कलाकाराचंही असंच असतं. वाहिनीच्या पुरस्कार सोहळ्याचा प्रायोजक वेगळा, सेटवरच्या स्वयंपाकघरात मांडलेली पाकिटं वेगळी, नाटकाच्या बॅनरवरचं नाव आणखी वेगळं. ही यादी कलाकाराच्या मॅनेजरकडून लेखी घ्या आणि करारालाच जोडा. जिथे त्यांचा हात बांधलेला आहे, तिथे तुम्ही नंतर तक्रार करणार नाही, हेही तिथेच लिहून टाका.

पायरी ३: करारातले शब्द

'ॲम्बॅसिडरने कोणत्याही स्पर्धक कंपनीचे उत्पादन वापरू नये.' माझ्यापुढे आलेल्या दर दुसऱ्या मसुद्यात हे वाक्य असतं आणि ते निरुपयोगी असतं. स्पर्धक कोण? वापरायचं म्हणजे काय? घरात, दाराआड, सासूबाईंनी वापरलं तर?

स्पर्धक ठरवताना प्रकारानं ठरवा. हॉलिवूडची अभिनेत्री चार्लीझ थेरॉन हिचं प्रकरण इथे उपयोगी पडतं. रेमंड वाइल या स्विस घड्याळ कंपनीनं तिच्याशी सुमारे ३० लाख डॉलरचा करार केला होता, आणि २००६ च्या अखेरपर्यंत चारचौघांत तिनं त्यांचंच घड्याळ घालायचं असं ठरलं होतं. २००६ च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या एका चित्रपट महोत्सवात तिच्या मनगटावर डिऑरचं घड्याळ दिसलं. गंमत म्हणजे डिऑरच्या अत्तराचा चेहरा तीच होती. अत्तरात डिऑर चालतं, घड्याळात चालत नाही, अशी ती रेघ होती. २००७ मध्ये कंपनी कोर्टात गेली, २००८ मध्ये न्यायाधीशांनी करारभंग झाल्याचं मानलं आणि पुढे तडजोड झाली. एका संध्याकाळच्या घड्याळापायी दोन वर्षं गेली. तेव्हा तुमच्या करारात 'मसाले' म्हणून थांबू नका. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मिरचीपूड, हळद, तयार ग्रेव्ही, यांतलं काय धरलंय आणि काय सोडलंय ते लिहा. जमल्यास पाच-सात स्पर्धकांची नावंच घाला.

वापराचे आम्ही तीन थर करतो. सगळ्यात आतला थर म्हणजे पैसे किंवा माल घेऊन स्पर्धकाची जाहिरात करणं. त्याला माफी नाही. मधला थर, स्वतःच्या खात्यावर किंवा सार्वजनिक कार्यक्रमात स्पर्धकाचा माल ओळखू येईल असा दिसणं. इथे कळवल्यापासून ठरावीक तासांत पोस्ट काढायची किंवा बदलायची मुभा द्यायची, आणि वर्षात असं तीनदा झालं तर दंड. सगळ्यात बाहेरचा थर म्हणजे घरातला खासगी वापर. तिथे आम्ही काहीच लिहीत नाही. मालकांना हे पचत नाही, पण जे तपासता येत नाही ते करारात घालून फक्त संशय वाढतो.

वापरापेक्षा दावा का महत्त्वाचा, हे कळायला सचिनची बॅट आठवा. तिच्यावर वर्षानुवर्षं एमआरएफचं स्टिकर होतं. एमआरएफ टायर बनवते, हे गल्लीतल्या पोरालाही माहीत होतं आणि कुणालाही फसल्यासारखं वाटलं नाही, कारण 'मी टायर कंपनीनं घडवलेल्या बॅटनं खेळतो' असा दावा सचिननं कधी केलाच नव्हता. याउलट 'आमच्या घरी रोज हाच मसाला' हे वाक्य तुम्ही स्वतः लिहून तिच्या तोंडी घालता, आणि मग मागच्या फळीवर चिमट्याचं पाकीट दिसतं. पाकिटापेक्षा वाक्य जास्त महागात पडतं.

कायद्याच्या अंगानंही ते वाक्य जड आहे. ९ जून २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिफारस ही त्या व्यक्तीचं खरं आणि सध्याचं मत असली पाहिजे, तिला पुरेशा माहितीचा किंवा अनुभवाचा आधार हवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा १० लाख आणि पुढच्या वेळी ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, कंपनीलाही आणि चेहऱ्यालाही. चेहऱ्यावर वर्षभराची, पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंतची जाहिरातबंदी येऊ शकते. लोणची-मसाले अमेरिकेतल्या मराठी मंडळींना विकत असाल तर तिथला नियम याहून नेमका आहे: जाहिरातीत ती व्यक्ती वस्तू वापरते असं दाखवलं, तर त्या वेळी ती खरोखर वापरत असली पाहिजे आणि जाहिरात चालू असेपर्यंत ती वापरते असं मानायला तुमच्याकडे सबळ कारण हवं. म्हणून तिच्या तोंडून काही वदवण्याआधी खरं काय ते बघा. 'या दिवाळीत मी यांचा मसाला वापरून चिवडा केला' हे वाक्य तेवढंच चालतं आणि कुठे अडकवत नाही.

दंडाचा आकडा लिहिताना हात आवरा. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, कोर्ट वाजवी भरपाई देतं. दोन लाखांच्या करारात एक कोटीचा दंड लिहून ते वसूल होत नाहीत, समोरचा मॅनेजर फक्त हसतो. तसंच 'करार संपल्यावर पाच वर्षं कुठल्याही मसाल्याची जाहिरात करायची नाही' हे त्याच कायद्याच्या कलम २७ पुढे टिकायचं नाही, कारण धंदा करण्यापासून रोखणारी अट ते कलम रद्दबातल धरतं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात असाच प्रश्न आला होता. श्रीरामपूरच्या झहीर खानला त्याची जुनी व्यवस्थापन कंपनी करार संपल्यानंतरही पहिला हक्क सांगून बांधू पाहत होती. न्यायालयानं ते बंधन चालणार नाही असं सांगितलं. करार चालू असेपर्यंत मात्र स्पर्धकाकडे न जाण्याची अट सहसा टिकते.

मुद्रांक शुल्क ५०० रुपयांच्या बाँडवर उरकण्याआधी वकिलाला एकदा विचारा. जाहिरातीच्या करारांचं गणित वेगळं असू शकतं.

पायरी ४: माल पोचवा

आता आमच्या रीलकडे येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या अभिनेत्रीला फोन केला, मॅनेजरला मध्ये न घेता. ती आधीच रडून झालेली होती. म्हणाली, "दादा, ते माझं स्वयंपाकघर नाहीच. आईकडे नाशिकला आले होते. शूटिंगला माझ्याकडे सुट्टीचा तेवढाच दिवस. आणि आई तीस वर्षं तोच मसाला वापरते, तिला काय सांगू, माझा करार आहे म्हणून आमटीची चव बदल?" मग जरा थांबून, "आणि खरं सांगू का? तुमची दोन पाकिटं जानेवारीत आली होती. पाडव्याला संपली. नंतर कुणी विचारलंसुद्धा नाही."

जानेवारी ते ऑक्टोबर. कंपनीच्या गोदामात टनांनी मसाला पडलेला, आणि ज्या बाईच्या चेहऱ्यावर वर्षाचं बजेट लावलं तिच्या घरी दोनशे ग्रॅमची दोन पाकिटं. मी मालकांना हे सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

तर पद्धत अशी: महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खोकं जायलाच हवं. कलाकाराच्या घरी एक, आईवडिलांच्या किंवा सासरच्या घरी एक आणि सेटवर मेकअप रूममध्ये लागणारी वस्तू असेल तर तिथे एक. खोकं पोचल्याचा फोन कंपनीतल्या कुणीतरी करायचा आणि 'कसं वाटलं' हे खरंच ऐकून घ्यायचं. वस्तू महाग असेल, मिक्सर किंवा फोन वगैरे, तर सीएला आधी सांगा: वर्षात २०,००० रुपयांच्या वर जाणाऱ्या अशा भेटींवर जुलै २०२२ पासून १० टक्के टीडीएसचा नियम आहे. वस्तू शूटनंतर परत येणार की तिच्याकडेच राहणार, हे म्हणूनच आधी ठरवून ठेवावं.

शूटच्या आधी चौकटीत काय काय येतं त्याचा एक साधा फोटो मागवा. तो फोटो मोठा करून कोपरे बघायला दोन मिनिटं लागतात. फळी, फ्रीजचं दार, ओट्यावरची बाटली, खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब. फोनची जाहिरात असेल तर पोस्ट कुठल्या फोनवरून जाणार आणि कोण टाकणार हे नाव घेऊन ठरवा.

कॅप्शन पाठवताना नुसतं कॅप्शन पाठवा, सूचना वेगळ्या मेसेजमध्ये. मे २०१६ मध्ये अमेरिकेतला टीव्हीवरचा चेहरा स्कॉट डिसिक यानं 'दुपारी ४ वाजता खालचं लिही' ही कंपनीची सूचनासुद्धा जशीच्या तशी इन्स्टाग्रामवर चिकटवली होती, आणि त्याच महिन्यात मॉडेल नेओमी कॅम्पबेलनं आदिदासच्या पोस्टमध्ये 'असं काहीतरी टाकशील का' हा मजकूरही छापला. हसू येतं खरं, पण रात्री अकरा वाजता गाडीत बसून पोस्ट टाकणाऱ्या माणसाच्या हातून हे कधीही होईल.

पायरी ५: सापडलंच, तर पहिले दोन तास

पहिलं काम पुरावा जपणं. पोस्टची लिंक, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, व्हिडिओ असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग. कॉमेंट्सचेही स्क्रीनशॉट घ्या. 'आधी काढायला सांगा' असं ओरडणाऱ्याला पाच मिनिटं थांबवा.

मग खरं-खोटं तपासा. फोटो आजचा आहे का? कराराच्या आधीचा जुना फोटो पुन्हा फिरवला जातो, हे फार वेळा होतं. हातातली बाटली नंतर चिकटवलेली आहे का? अशी चित्रं आता फुकटच्या ॲपवर अर्ध्या मिनिटात बनतात. मूळ पोस्ट कुणाच्या खात्यावर आहे ते शोधा, फॉरवर्डवर विसंबू नका.

तिसरं, एकच माणूस एकच फोन करेल. कलाकाराला किंवा मॅनेजरला, पण मालक, मालकाचा मुलगा, मार्केटिंगवाला आणि एजन्सी अशा चौघांनी चार सुरांत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक शब्द लिहू नका, तिथला स्क्रीनशॉट रात्री बाहेर असतो. फोनवर आरोप करायचा नसतो, विचारायचं असतं. आमचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "ताई, एक पोस्ट फिरतेय, तुमच्याकडून नीट समजून घ्यायचं होतं."

आता ठरवा की प्रकार कुठला. मागं पडलेली वस्तू, दुसऱ्याचं घर, कार्यक्रमातल्या प्रायोजकाचा ग्लास, घाईत हाती आलेला फोन, हे सगळं अपघातात धरा. 'मला खरं तर तेच जास्त आवडतं' असं कुठे बोलून गेल्या असतील, तर ते मनातलं आहे आणि करार पुढे चालवायचा का हा विचार आलाच. पैसे घेऊन स्पर्धकाचं काम केलेलं असेल, तर हा लेख बंद करा आणि वकिलाला फोन लावा.

पोस्ट काढायची की ठेवायची? कॉमेंट्स तीस-चाळीस असतील तर व्हिडिओ कापून पुन्हा टाकायला हरकत नाही. हजारांत गेल्या असतील तर काढू नका. काढल्यावर लोक 'डिलीट केली बघा' म्हणून जुना व्हिडिओ दुप्पट फिरवतात. आणि 'हॅक झालं' हे कारण देऊ नका. खरंच झालं असेल तर सायबर पोलिसांत तक्रार करा आणि तक्रारीची पावती दाखवा, नाहीतर तो शब्द उच्चारूच नका.

पायरी ६: काय बोलायचं

आमच्या प्रकरणात दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याच खात्यावर एक स्टोरी गेली. कॅमेरा हातात, मागे तीच फळी, पाकीट तिथेच. मजकूर तिचाच, मी एक शब्द बदलला नाही: "पकडलंत! हे आईचं स्वयंपाकघर आहे आणि इथे माझं काही चालत नाही. माझ्या घरी कोणता मसाला आहे ते उद्या दाखवते. आज आईला चाखायला दिलाय, निकाल संध्याकाळी."

ब्रँडच्या खात्यावरून आम्ही त्याच कॉमेंटखाली एवढंच लिहिलं: "काकूंच्या निकालाची आम्हीही वाट बघतोय." मालकांना त्यात 'आमचा मसाला सर्वोत्तम' घालायचं होतं. घातलं नाही.

चालतं ते असं, छोटं आणि त्यांच्याच बोलीत. न चालणारं कसं असतं, तेही सांगतो: "सदर चित्रफितीत अनवधानाने दृश्यमान झालेल्या उत्पादनाशी आमचा कोणताही संबंध नाही." हे वाचून ज्यांनी पाकीट पाहिलं नव्हतं तेही पाहायला जातात. स्पर्धकाचं नाव आपल्या तोंडानं घेऊ नका, आणि त्यांनी चिमटा काढलाच तर एकदा हसून सोडून द्या. पगारी पोस्ट असेल तर खुलाशाच्या पोस्टवरही 'जाहिरात' किंवा 'भागीदारी'ची पट्टी लावायची विसरू नका. जाहिरात मानक परिषदेचे (जाहिरात क्षेत्राची स्वतःची नियामक संस्था, एएससीआय) इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून २०२१ पासून आहेत, आणि सारवासारवीची पोस्ट त्यातून सुटत नाही.

पायरी ७: पैसे आणि वकील

हप्त्यांत पैसे द्या, हे मी सहीच्या वेळीच सांगतो. सगळी रक्कम आधी दिली असेल तर हातात काही उरत नाही. मधल्या थरातली चूक असेल तर लेखी कळवा, साध्या ईमेलनं, तारीख आणि लिंकसकट. भाषा शांत ठेवा, तो ईमेल उद्या कोर्टात वाचला जाऊ शकतो. दंडाऐवजी एक जादा रील किंवा दुकानाच्या उद्घाटनाला एक फेरी मागा, कलाकार सहसा आनंदानं देतात, आणि तुमच्या धंद्याला त्या पैशांपेक्षा ती फेरी जास्त मोलाची असते. नोटीस पाठवायचीच असेल तर 'बदनामी झाली' एवढ्यावर भागत नाही, नुकसान कशात झालं ते कागदावर दाखवावं लागतं: परत आलेल्या ऑर्डरी, वितरकांची पत्रं, थांबवलेली जाहिरात.

चेहरा तुमचा असेल, तर

हे कलाकारांसाठी, थोडक्यात. करारातली स्पर्धकांची यादी मॅनेजरकडे न ठेवता स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, आणि घरात किराणा भरणाऱ्या माणसाला तिचा फोटो पाठवा. माल आवडला नाही तर सही करू नका, किंवा 'मी वापरते' हे वाक्य काढायला लावा. माल संपला तर मागा, लाजू नका. आणि चूक झाली तर कंपनीला तुमच्याकडून कळू दे, कॉमेंटमधून कळण्याआधी.

आमच्या त्या काकूंनी संध्याकाळी निकाल दिला: "तिखट बरंय, पण रंग कमी येतो." तो व्हिडिओ टाकायला मालक आधी तयार नव्हते. टाकला. चकलीच्या रीलपेक्षा जास्त चालला. पुढच्या लॉटला त्यांनी बेडगी मिरचीचं प्रमाण थोडं वाढवलं, ते काकूंमुळे की आधीच ठरलं होतं, हे ते सांगत नाहीत. नाशिकला दर महिन्याच्या पाच तारखेला खोकं जातं. काकूंचं जुनं पाकीटही आहेच, चिमट्यासकट, फक्त आता ओट्याखालच्या कपाटात.